तीन गोळ्यांचं स्पायरोमीटर: बायपासनंतर वापरून पाहिलेलं

श्वासाच्या व्यायामाची ही वस्तू घ्यावीच अशी आहे, पण वापर समोर बसून शिकवून घेतल्याशिवाय घरी नेऊ नका.

अण्णांच्या बायपासनंतर वॉर्डातल्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी हे मेडिकलमधून आणायला सांगितलं. प्लास्टिकचे तीन उभे कप्पे, प्रत्येकात एक रंगीत गोळी, तोंडात धरायला नळी. कप्प्यांवर ६००, ९००, १२०० असे आकडे. सेकंदाला तेवढे मिली हवा आत ओढली की ती ती गोळी वर जाते. आत ओढली की, बरं का! हातात आलं की माणूस आधी फुंकतोच. अण्णांनीही फुंकलं, गोळ्या जागच्या हलल्या नाहीत.

छातीचं हाड कापलेलं असतं, दुखतं म्हणून पेशंट वरवर श्वास घेतो. मग फुप्फुसाचा खालचा भाग नीट उघडत नाही, कफ साचतो, न्यूमोनियाची भीती. त्यासाठी हा सगळा खटाटोप.

माझी खरी तक्रार तिसऱ्या गोळीबद्दल आहे. ती दिसली की पेशंट तिच्याच मागे लागतो. जोरात हिसका दिला की गोळी टणकन वर आपटते, लगेच खाली. त्यात वेग दिसतो, श्वास किती खोल गेला ते कळत नाही. ताई अण्णांना म्हणाल्या, "काका, पहिली गोळी तीन सेकंद वर धरून ठेवा, दुसरी उचलली तर छानच. तिसरीला खालीच राहू दे." जागेपणी दर तासाला दहा श्वास, मध्ये थांबत, गरगरलं की बंद. गोळ्यांऐवजी पिस्टन असलेल्या स्पायरोमीटरमध्ये किती मिली हवा आत गेली ते दिसतं. थोडा महाग पडतो, पण परवडत असेल तर माझं मत त्यालाच.

आणि नुसत्या यंत्रावर विसंबू नका. उशी छातीशी घट्ट धरून खोकणं आणि रोज थोडं थोडं चालणं, कफ सुटायला आमच्याकडे याचा फार उपयोग झाला. खोकताना टाके उसवतील या धास्तीनं अण्णा खोकला गिळायचे. उशी हातात आल्यावर मोकळेपणानं खोकायला लागले.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो नळीसाठी. आमच्या सेटची नळी बुडाशी सैल होती, हवा बाजूनं शिरायची, गोळी उचलायची नाही आणि अण्णांना वाटायचं आपला दमच गेला. दुकानदारानं बदलून दिलं. तुम्ही काउंटरवरच नळी ओढून बघा.