पावसाळ्यात गाडी काढायची, पण कुठे? दापोली-गुहागर की महाबळेश्वर-कास

जुलै-ऑगस्टचे दिवस, चार-पाच मित्र, एक गाडी, तीन रात्री हाताशी आणि निघायचं पुण्याहून. चर्चा कितीही रंगली तरी शेवटी दोन मार्ग उरतात. एक, ताम्हिणी उतरून हरिहरेश्वर, केळशी, दापोली, गुहागर असं किनाऱ्याकिनाऱ्यानं जायचं. दुसरा, वाईवरून पसरणी घाट चढून पाचगणी, महाबळेश्वर, तापोळा आणि परतताना सातारा-कास. शनिवार-रविवार वगळले तर दोन्हीकडे या काळात गर्दी कमी असते आणि खोलीच्या भाड्यात घासाघीस करता येते. मात्र पावसात काय बंद होतं आणि काय खुलतं, हे दोन्हीकडे अगदी वेगळं आहे.

किनाऱ्याचं आधी सांगतो. समुद्रात उतरायचं डोक्यात असेल तर बेत आताच रद्द करा. पावसाळ्यात बोटींच्या सफरी बंद, जंजिऱ्याला जाणाऱ्या होड्या बंद, लाटांना ओढ भयंकर. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट तर भरतीच्या वेळी आणि खवळलेल्या समुद्रात टाळायलाच हवी. तिथे खडकावर आदळणारी लाट माणसाला सहज ओढून नेते आणि असे अपघात झालेलेही आहेत. हेदवीच्या बामणघळीत पाणी उंच उसळतं ते पावसाळ्यातच बघावं, पण लांबून. कर्द्याच्या किंवा मुरुडच्या वाळूत गाडी घालू नका. ती रुतते, आणि भरती कोणासाठी थांबत नाही.

दुसरी अडचण माशांची. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी नौकांना मासेमारी बंदी असते. म्हणजे जुलैत ताज्या सुरमईच्या आशेनं गेलात तर बर्फातली मिळेल. त्यापेक्षा खाडीचं काही आहे का विचारा, चिंबोऱ्या (खेकडे) किंवा तिसऱ्या (शिंपल्या). नाहीतर सरळ सुकं मागा. भाजलेला सुका बोंबील, सुकटीची चटणी, तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं, बाहेर धो धो पाऊस: हे जेवण मे महिन्यात असं लागत नाही. रानभाज्यांचेही हेच दिवस. टाकळा, फोडशी, भारंगी यांतलं काही ना काही घरगुती खानावळीत मिळतंच, फक्त सकाळीच फोन करून किती जण ते सांगा. या दिवसांत गिऱ्हाईक नसतं, त्यामुळे आयत्या वेळी गेल्यास चूल पेटवण्यापासून सुरुवात असते.

या मार्गाची खरी मजा खाड्या ओलांडण्यात आहे. बागमांडल्याला गाडी फेरीबोटीवर चढवायची आणि पलीकडे वेसवीला उतरायचं. पुढे दाभोळ-धोपावे, आणि रत्नागिरीपर्यंत जायचं असेल तर तवसाळ-जयगड. रस्त्यानं मोठा वळसा पडला असता, तो वाचतो. पाऊस-वारा वाढला की फेरी थांबते, म्हणून दिवसाचं वेळापत्रक सैल ठेवा. रस्ते अरुंद, लाल मातीचा चिखल, आणि वळणावर समोरून एसटी येते. मागे घ्यायची वेळ आली तर चालवणारा हात सरावलेला हवा. एकाच मित्राला गाडी चालवता येत असेल तर हा मार्ग त्याच्यावर अन्याय आहे.

घाटमाथ्याचा हिशेब निराळा. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जेमतेम वीस किलोमीटरवरच्या पाचगणीत त्याच्या निम्म्याहूनही बराच कमी, आणि खाली वाईत तर पावपटही नाही. ढग पश्चिमेच्या कड्यावर आपटून रिकामे होतात, पुढे उरतं ते थोडं. एवढं लक्षात ठेवलं तर सहल वाचते. मुक्काम पाचगणीत करा, महाबळेश्वर दिवसा पाहा. वर कोसळत असेल तर वाईला उतरा, ढोल्या गणपती आणि मेणवलीचा घाट निवांत बघा. तिथे बरेचदा नुसती भुरभुर असते.

पॉइंट बघायला म्हणून जुलैत महाबळेश्वरला जाऊ नये. आर्थर सीटवर समोर पांढरं धुकं असतं, एवढंच. कधी ढग फाटतो, दोन मिनिटं सावित्रीचं खोरं खोल खाली हिरवंगार दिसतं आणि पुन्हा मिटतं. ज्यांना त्या दोन मिनिटांसाठी तासभर भिजत उभं राहायला आवडतं, त्यांनी अवश्य जावं. मी त्यांच्यातला आहे. हीच सावित्री खाली उतरून बाणकोटच्या खाडीला मिळते, म्हणजे वेसवीची फेरी जिथे चालते तिथेच.

तापोळ्याच्या उतारावर धुकं इतकं दाटतं की पुढच्या गाडीचे दिवे अचानक दिसतात. चारही इंडिकेटर लावून चालण्याची सवय इथे घातक, कारण गाडी उभी आहे की वळतेय ते मागच्याला कळत नाही. साधे दिवे लावा, ते डिमवर ठेवा आणि वेग कमी करा. कासची फुलं साधारण ऑगस्टअखेरीपासून. त्या दिवसांत आधी बुकिंग करावं लागतं आणि गर्दीही लोटते. जुलैत तिथे फक्त ओलं पठार आणि वारा, पण ठोसेघरचा धबधबा तेव्हाच भरात असतो.

माझं मत विचाराल तर महिन्यावर ठरवा. जुलैत घाटमाथा. टोळी गप्पिष्ट असेल, दोन दिवस एकाच व्हरांड्यात बसून पाऊस बघायची तयारी असेल, तर याहून चांगलं काही नाही. किनाऱ्यासाठी मात्र नारळी पौर्णिमा ते गणपती हे अडीच-पावणेतीन आठवडे धरा. होड्या पुन्हा समुद्रात गेलेल्या असतात, ताजी मासळी येऊ लागते, पावसाचा जोर ओसरलेला असतो आणि चाकरमान्यांची रीघ अजून लागलेली नसते. गणपतीच्या आदल्या तीन-चार दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर जाऊच नका.

दोन्ही मार्ग एकाच फेरीत जोडायचा मोह होतो. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटानं पोलादपूरला उतरता येतं, पण पावसात तिथे दरड कोसळून रस्ता बंद पडण्याचे प्रकार वारंवार होतात. वरंधा घाटही प्रशासन पावसाळ्यात बरेचदा बंद ठेवतं. त्यामुळे गुहागरहून परतताना चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण, कऱ्हाड असं या. निघण्याआधी घाट सुरू आहे ना ते पोलिसांकडे किंवा एसटीच्या आगारात विचारा, आणि दुपारी दोनच्या आत चिपळूण सोडा, म्हणजे घाट उजेडात चढून होतो.