त्रिनिदादचा पश्चिम किनारा: दोन्ही मोसमांत पाहिल्यानंतरचा अनुभव

निळं पाणी आणि पांढरी वाळू हवी असेल तर सरळ शेजारच्या टोबॅगो बेटावर जा. त्रिनिदादच्या पश्चिमेचं पारियाचं आखात गढूळ आहे, कारण ओरिनोको नदीचा गाळ तिकडे येतो. किनारा चिखलाचा आणि खारफुटीचा. तरीही या बेटावर सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो याच पट्ट्याला. जानेवारी ते मे हा कोरडा मोसम आणि जून ते डिसेंबर हा पावसाळा, दोन्हींत या जागा पाहिल्यावर ठामपणे सांगता येतं, की इथे कुठे जायचं यापेक्षा किती वाजता जायचं हे आधी ठरवावं.

कॅरोनीची दलदल हे त्याचं ठळक उदाहरण. लाल आयबिस हा त्रिनिदादचा राष्ट्रीय पक्षी दिवसभर चिखलात खेकडे-कोळंबी टिपतो आणि संध्याकाळी खारफुटीच्या बेटांवर मुक्कामाला येतो. होड्या साधारण 4 वाजता सुटतात, फेरी दोन-अडीच तासांची. सुरुवातीच्या अरुंद कालव्यांत नजर फांद्यांवर ठेवा: वेटोळं घालून बसलेला बोआ साप आणि झोपलेला छोटा मुंगीखाऊ नावाडी दाखवतात, नवख्याला ते सापडत नाहीत. मग होडी उघड्या पाण्यात बांधून ठेवतात आणि लाल थवे उतरू लागतात. हिरवं झाड बघता बघता लालेलाल होतं. करड्या-तपकिरी रंगाचे दिसले तर ती पिल्लं. लाल रंग खाण्यातल्या कॅरोटिनॉइड द्रव्यांमुळे हळूहळू चढतो. होडी बेटापासून बरीच लांब थांबते आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे मोबाइलच्या फोटोत फक्त लाल ठिपके येतात. 8×42 ची दुर्बीण इथे कॅमेऱ्यापेक्षा जास्त कामाची. होडी थांबली की डास सुरू होतात, म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा हवा. पावसाळ्यात छत्री नको, मागच्यांना काही दिसत नाही, रेनकोट घ्या. आणि परतीची गाडी आधीच ठरवून ठेवा. अंधार पडल्यावर धक्क्यावर वाहन मिळत नाही.

वॉटरलू गावाजवळच्या समुद्रातल्या मंदिराचं गणित भरती-ओहोटीवर आहे. सिवदास साधू या ऊसमळ्यातल्या मजुराने 1947 मध्ये साखर कंपनीच्या जमिनीवर मंदिर बांधलं. कंपनीने ते पाडायला लावलं आणि त्यांना तुरुंगात जावं लागलं. समुद्र कोणाच्या मालकीचा नाही, म्हणून त्यांनी पुन्हा समुद्रातच बांधायला घेतलं. ओहोटीला चिखलात पिंपं उभी करायची, त्यांत काँक्रीट भरायचं, दगड-सिमेंट सायकलवरून आणायचं. हे काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. आजची वास्तू 1995 ची, सरकारी मदतीने उभारलेली. भरतीला गेलात तर चारी बाजूंनी पाणी दिसतं. ओहोटीला नुसता चिखल, पण त्यावर पाणपक्ष्यांची गर्दी असते. म्हणून राजधानी पोर्ट ऑफ स्पेनचं भरतीचं वेळापत्रक पाहूनच निघा. गाभारा पुष्कळदा बंद असतो, तरी बांधावरून चालत जाता येतं. शेजारीच समुद्रकाठचं स्मशान आहे. तिथे अंत्यविधी चालू असेल तर कॅमेरा पिशवीतच राहू द्या.

जवळच कारापिचैमाला 85 फुटी हनुमान आहे, तोही दत्तात्रेय मंदिराच्या आवारात. मराठी माणसाची पावलं तिथे आपसूक वळतील. मात्र गाणगापूर-वाडीची आठवण काढून जाऊ नका, इथली बांधणी दाक्षिणात्य आहे.

ला ब्रेयाचा पिच लेक हे सुमारे 100 एकरांचं नैसर्गिक डांबराचं तळं. खोलवरचं खनिज तेल भेगांतून वर येतं, हलके घटक उडून जातात आणि मागे डांबर उरतं. 1595 मध्ये वॉल्टर रॅले या इंग्रज दर्यावर्दीने याच डांबराने जहाजांच्या फटी बुजवल्या होत्या. पृष्ठभाग हत्तीच्या कातडीसारखा सुरकुतलेला, बहुतेक ठिकाणी चालण्याजोगा घट्ट. मधले काही भाग मात्र मऊ असतात आणि ते नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाहीत. म्हणून ओळखपत्रधारी वाटाड्या घ्याच. फाटकाबाहेर गाडी अडवून ‘मीच गाइड’ म्हणणाऱ्यांना नम्रपणे नकार द्या. सकाळी 9 च्या आत पोहोचा, दुपारी काळा पृष्ठभाग भयंकर तापतो. पावसाळ्यात वळ्यांमध्ये गंधकयुक्त पाणी साचतं, लोक त्यात डुंबतात; कोरड्या मोसमात ही डबकी आटतात, पण चालणं सोपं जातं. डुंबायचं असेल तर चांदी काढून ठेवा, काळी पडते. सपाट तळाचे जुने बूट घाला. डांबर लागलंच तर पाण्याने निघत नाही, खाद्यतेल चोळून पुसा. गावातले रस्ते आणि घरंही खालचं डांबर सरकत असल्याने कललेली आहेत, गाडी हळू चालवा.

पोर्ट ऑफ स्पेनजवळच्या आखातातलं नेल्सन बेट छोटं, पण सोडू नये. 1845 ते 1917 या काळात 1,40,000 हून जास्त भारतीय करारबद्ध मजूर म्हणून त्रिनिदादला आले. 1866 पासून येणाऱ्यांना आधी या बेटावर ठेवत. सावली कमी, म्हणून टोपी आणि पाणी जवळ ठेवा. नॅशनल ट्रस्टच्या सहली ठरावीक दिवशीच असतात, जागा आधी धरा.

प्रवासासाठी पोर्ट ऑफ स्पेनच्या सिटी गेट या वाहनतळाहून हिरव्या पट्ट्याच्या मॅक्सी टॅक्सी (छोट्या प्रवासी बस) चग्वानास आणि सान फर्नांडोकडे जातात. मोटारीत बसताना नंबर ‘एच’ने सुरू होतो ना, ते पाहा, तोच अधिकृत टॅक्सीचा. शाकाहारींची आबाळ होत नाही: सकाळी डबल्स म्हणजे दोन मऊ ‘बारा’ (तळलेल्या छोट्या पुऱ्या) आणि छोले. तिखट ‘स्लाइट’ म्हणजे अगदी थोडं सांगा, तिथली मिरची आपल्या लवंगीलाही भारी आहे.

शेवटचं आणि सगळ्यात दुर्लक्षित: पीतज्वराचा (यलो फीवर) धोका असलेल्या देशांच्या भारताच्या यादीत त्रिनिदाद आहे. लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्या आणि पिवळं प्रमाणपत्र पासपोर्टसोबत ठेवा. ते नसेल तर मायदेशी उतरल्यावर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं.