पोएर की मोनोरी?

भाचीला राज्यशास्त्राच्या निबंधासाठी एकच फ्रेंच मध्यममार्गी सिनेटर निवडायचाय. यादीत दोन नावं उरलीत: आलँ पोएर आणि रने मोनोरी. प्रचारपत्रकांतलं कौतुक बाजूला ठेवू.

कारकिर्दीच्या लांबीत दोघंही कमी नाहीत. पण सिनेटच्या अध्यक्षपदी पोएर 1968 ते 1992, त्यांच्यामागून आलेले मोनोरी 1998 पर्यंतच.

राज्यघटनेच्या अंगाने पोएरना तोड नाही. 1969 मध्ये राष्ट्राध्यक्ष द गॉलनी राजीनामा दिला, 1974 मध्ये पाँपिदू पदावर असतानाच वारले. दोन्ही वेळा हंगामी राष्ट्राध्यक्ष हेच. मधे 1969 ला स्वतः उभे राहून पाँपिदूंकडून पडलेसुद्धा! मला मात्र त्यांचं 1971 चं काम मोठं वाटतं. संघटनास्वातंत्र्याला कात्री लावणारा कायदा त्यांनी घटना परिषदेपुढे (कायदे राज्यघटनेत बसतात का ते तपासणारी संस्था) नेला आणि परिषदेने त्यातली मुख्य तरतूद रद्द केली. तिथे कायदे मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तपासले जाऊ लागले ते तेव्हापासून.

मोनोरी मूळचे गॅरेजवाले. लूदँचे चाळीस वर्षं महापौर, 1978 ते 1981 अर्थमंत्री. पावाच्या दरावरचं सरकारी नियंत्रण त्यांच्याच काळात उठलं. प्वातिएजवळचं फ्युतुरोस्कोप हे मनोरंजन उद्यान (1987) त्यांचीच कल्पना.

मेहनत? पोएरसाठी घटना परिषदेचे निर्णय वाचावे लागतील, ते रुक्ष असतात. कायदा, न्यायालयं यांत रस असेल तर तरीही पोएरच घे. जिल्ह्याचं राजकारण आणि विकास हा विषय असेल, तर मोनोरी.