पावसाळ्यात आधी काय: गोधडी की जुना चौरंग?

मृग लागला की आमच्या देवगडात बाहेरची कामं आटोपतात आणि घरात हात शिवशिवायला लागतात. ट्रंकेत आईची सुती लुगडी, माळ्यावर आजोबांची फणसाची खुर्ची आणि पॉलिश उडालेला चौरंग. मामेबहिणीच्या घरीही हाच पसारा. आधी काय काढू, असं तिने फोनवर विचारलं, तिला सांगितलं तेच इथे लिहिते.

पहिलं बघायचं ते हवेकडे. रत्नागिरीच्या बाजूला वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. सुईला त्याचं सोयरसुतक नाही, पॉलिशला आहे. तीन वर्षांपूर्वी गणपती तोंडावर आले म्हणून मी भर श्रावणात चौरंगाला लाखेचं पॉलिश मारलं. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवलेली असते. स्पिरिट उडताना लाकूड वरून गार पडतं, हवेतला दमटपणा तिथेच धरतो आणि पॉलिश दुधाळ होतं. सकाळी बघते तर चौरंगावर ताक सांडल्यासारखं! वर जरीचं कापड अंथरून वेळ मारून नेली. दिवाळीनंतर एका कोरड्या दुपारी स्पिरिटचा बोळा हलका फिरवला, तेव्हा कुठे पांढरेपणा गेला.

गोधडीत असा घात होत नाही. टाका चुकला तर उसवायचा. पाहुणे आले तर घडी करून ठेवायची, चार दिवसांनी तिथूनच पुढे. पाचवारी साडी मधोमध कापून दोन्ही तुकडे शेजारी जोडले की साधारण अडीच मीटर बाय सव्वादोन मीटरचा एक थर होतो. नऊवारीचे चार तुकडे केले तर दोन थर निघतात, लांबी मात्र दोन मीटरच मिळते. आमच्याकडे तीन थरांवर जायचं नाही. आजीचं ठरलेलं वाक्य होतं, "जाड करू नको गो, पावसात सुकाची नाय." सगळं कापड आधी धुऊन घ्या, नाहीतर एक थर आटतो, दुसरा रंग सोडतो. मग थर जमिनीवर ताणून लांब कच्चे टाके घाला. हे टाळलंत तर मधे फुगे येतात आणि शेवटपर्यंत जात नाहीत. नंतर कडेपासून आत धावदोरा. दोरा हातभरच घ्यायचा आणि मेणावरून ओढायचा, गुंता होत नाही. खाऱ्या हवेत सुया गंजतात, त्या मी पावडरीच्या डबीत खुपसून ठेवते.

वेळ मात्र भरपूर लागतो. रोज तासभर बसलं तर माझी एक गोधडी दीड-दोन महिने घेते. मान आणि अंगठा दोन्ही बोलतात. चाळिशी लागली असेल तर हे दिवसाउजेडीच करा.

लाकडाचं काम त्या मानाने चार-पाच दिवसांत उरकतं, पण ते अर्ध्यावर सोडता येत नाही आणि घासलेलं परत येत नाही. काचकागद 80 नंबरचा, मग 120, शेवटी 220, आणि तोही लाकडाच्या रेषांच्याच दिशेने. आडवा हात मारलात तर ओरखडे पॉलिशखालून जन्मभर दिसतील. प्लायवर विनियर (चिकटवलेला पातळ लाकडी पापुद्रा) असेल तर 80 लावूच नका, पापुद्र्याला भोक पडतं. जुना ऑइलपेंट असेल तर आणखी जपून. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून आली, त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासू नये, ओला करून, मास्क लावून, लहान मुलांपासून लांब घासावा. आणि जवसाचं तेल लावत असाल तर त्याचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा.

खुर्चीखाली पिठासारखा भुसा पडत असेल तर कीड जिवंत आहे. आधी तिचा बंदोबस्त, पॉलिश नंतर. स्क्रू बदलायचे तर पितळेचे, लोखंडी आपल्याकडे टिकत नाहीत.

पावसात लाकडाला अगदीच हात लावायचा नाही असं नाही. डगमगता पाय गोंदाने जोडून सुतळीने आवळून ठेवा, फक्त एक दिवसाच्या जागी दोन दिवस द्या. पण अडकणारा ड्रॉवर रंध्याने तासायला जाऊ नका. लाकूड फुगलेलं असतं, मार्चमध्ये तोच ड्रॉवर खुळखुळेल. खडू नाहीतर मेण चोळून भागवा.

मामेबहिणीला मी सांगितलं, आत्ता लुगडी काढ. चौरंगाचा पाय तेवढा जोडून घे, गणपतीला वर कापड घाल, आणि पॉलिशचा डबा डिसेंबरशिवाय उघडू नको. गोधडी ऑक्टोबरच्या उन्हात धुवायची, एका दिवसात कडकडीत वाळते. तिचं म्हणणं, खुर्चीला नुसती गादी शिवली तर? शिव की. पण आधी खुर्ची उलटी करून भुसा बघ.