शेकडा तीनची भिशी

इस्रायलमध्ये केअरगिव्हर म्हणून, म्हणजे वृद्ध-आजारी माणसांची त्यांच्या घरी राहून काळजी घेण्याचे, काम करणाऱ्या आपल्या लोकांकडून भिशीच्या नावाखाली पैसे कसे काढून घेतले जातात, हे नव्याने निघालेल्या प्रत्येकीला आधीच माहीत असावे म्हणून हा अनुभव लिहीत आहे. त्यात माझे पावणेतीन लाख रुपये गेले आणि माझ्या ओळखीच्या कित्येकींचे त्याहून बरेच अधिक गेले. गावाकडे अशा वेळी ‘हाव नडली’ असे सहज म्हटले जाते. ते मला मुळीच मान्य नाही, कारण यातील बहुतेक जणींनी पैसे गुंतवले ते कर्ज लवकर फिटावे म्हणून.

भारतीय नियमांप्रमाणे परवानाधारक भरती एजंटला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच घेता येतात. प्रत्यक्षात मागितले जातात ते लाखांत, तेही रोख आणि पावतीशिवाय. आमच्या सिंधुदुर्गातून निघालेल्या बायकांनी हे पैसे दागिने गहाण टाकून आणि उरलेले सावकाराकडून शेकडा दोनने उचलून उभे केले. पाच लाखांवर महिन्याला दहा हजार नुसते व्याज जात असताना समोरची बाई भिशीत ठेवलेल्या पैशांवर महिन्याला शेकडा तीन देते म्हटल्यावर जो हिशेब डोक्यात सुरू होतो, तो हावेचा नसतो. सावकाराचे व्याज भागून वर काही उरेल आणि मुद्दल लवकर फिटेल, एवढाच तो हिशेब असतो. भिशी चालवणाऱ्या बाईंना हे पक्के ठाऊक होते, कारण त्या स्वतः त्याच वाटेने आल्या होत्या.

आम्ही सगळ्या त्यांना ताई म्हणत असू. शुक्रवारी संध्याकाळी सुटी सुरू झाली की तेल अवीवच्या मध्यवर्ती बस स्थानकाच्या परिसरात भाड्याने घेतलेल्या खोलीवर आम्ही जमत असू, आणि शनिवारी संध्याकाळी जो तो आपण सांभाळत असलेल्या आजी-आजोबांकडे परत जात असे. बँका त्या वेळेत बंद असतात आणि इतर दिवशी रुग्णाला एकटे सोडून बाहेर पडता येत नाही. त्यामुळे पैशांची जी काही कामे करायची ती त्या खोलीतच होत असत. ताईंच्या लांबट वहीत प्रत्येकीचे नाव, पुढे महिन्यांचे रकाने आणि रकान्यात शेकेलचा (इस्रायलच्या चलनाचा) आकडा असे. हप्ता दिला की त्या पानाचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवत. वहीवर त्यांची सही कुठेही नव्हती.

सर्वांत वाईट रीतीने त्या गाठत ते ज्यांचे पेशंट नुकतेच वारले आहेत अशांना. इस्रायलच्या कायद्याप्रमाणे पेशंटचे निधन झाले की किमान वर्षभर काम केलेल्या केअरगिव्हरला प्रत्येक वर्षामागे एक महिन्याचा पगार ‘पित्झुईम’ (काम सुटल्याची भरपाई) म्हणून मिळतो. चार वर्षे एका घरी काढली असतील तर चार पगार एकरकमी हातात येतात. त्याच वेळी राहते घर सुटलेले असते, नवे काम शोधायचे असते आणि ज्या माणसाला रात्रंदिवस सांभाळले त्याच्या जाण्याचे दुःखही असते. ताई भेटायला येत, जेवण घेऊन येत, चार दिवस आपल्या खोलीवर राहू देत आणि मग ‘एवढी रक्कम जवळ ठेवू नकोस’ असे सांगत. माझी रक्कम याच मार्गाने गेली.

पहिले पाच-सहा महिने व्याज अगदी तारखेला मिळाले. ते नव्याने आलेल्या मुलींच्या हप्त्यांतून दिले जात होते, हे आता उघड आहे. व्याज घरी पोहोचवण्याची सोयही ताईंचीच होती. इकडे शेकेल द्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी कुडाळला एक माणूस रोख रुपये आणून देत असे. घरच्यांकडे दहा रुपयांच्या नोटेचा फोटो आधी पाठवलेला असे. त्या माणसाने तीच नोट दाखवली आणि क्रमांक जुळला की पैसे घ्यायचे. ही सरळ हवाला आहे आणि फेमा या परकीय चलनाविषयीच्या भारतीय कायद्याने ती बेकायदा आहे. तिचा दुसरा तोटा नंतर कळतो: बँकेतून काहीच न गेल्यामुळे आपण पैसे दिले होते, हेच सिद्ध करता येत नाही.

स्वतःच्या व्हिसाची मुदत संपत आली तेव्हा ताई भाचीच्या लग्नाला जाते म्हणून भारतात गेल्या, फोन बंद झाला आणि ग्रुपवरून त्यांचा क्रमांक नाहीसा झाला. माझ्या भावाने भारतात पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत अर्ज दिला. तिथे पहिला प्रश्न विचारला गेला तो बँकेच्या नोंदींचा. दोघींनी सुरुवातीचे हप्ते ताईंच्या भारतातील खात्यावर भरले होते, म्हणून तक्रारीला आधार मिळाला. भारतीय नागरिकाने परदेशात केलेल्या गुन्ह्याचा खटला भारतात चालू शकतो, मात्र त्यासाठी केंद्र सरकारची परवानगी लागते. याशिवाय २०१९ चा अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा आणि महाराष्ट्रातील ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा १९९९ चा कायदा हे दोन्ही अशा प्रकरणांत उपयोगी पडतात, असे वकिलांनी सांगितले.

निघण्यापूर्वी आपल्याच गावच्या बँकेत एनआरई खाते (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचे रुपयांतले खाते) उघडण्याची चौकशी करावी आणि पैसे ते पाठवण्याचा परवाना असलेल्या कंपनीमार्फत किंवा बँकेतूनच त्या खात्यावर पाठवावेत. त्यावरील व्याजाला भारतात प्राप्तिकर नाही, आणि एका बँकेत पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण आहे. व्याज शेकडा तीनच्या जवळपासही जात नाही, हे खरे. चिट फंडात, म्हणजे कायद्याने नोंदणी करावी लागणाऱ्या भिशीत, पैसे घालायचेच असतील तर १९८२ च्या कायद्याखालील नोंदणी क्रमांक मागावा आणि निबंधक कार्यालयात घरच्या माणसाकडून तो तपासून घ्यावा. क्रमांक मागितल्यावर ‘माझ्यावर विश्वास नाही का’ असे उत्तर आले, तर तिथून उठावे.

ज्यांचे पैसे याच भिशीत अडकले आहेत त्यांनी वहीच्या पानांचे फोटो, व्हॉइस मेसेज आणि नोटांचे फोटो यांतले काहीही पुसू नये, आणि फोन बदलला तरी जुना फोन विकू नये. न्यायालयात असा डिजिटल पुरावा देताना २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्यात कोणत्या उपकरणातून पुरावा घेतला ते नमूद करावे लागते. घरचे लोक मूळ अर्जाला पुरवणी जबाब जोडू शकतात. आमच्या तक्रारीत अशी चार घरे नंतर जोडली गेली आहेत.