क्लिअर लेकच्या काठचा ‘ओटेंटिक’: ठाण्यात बसून आखलेल्या चार रात्री

गेल्या जुलैत आम्ही दोघे, विनिपेगला राहणारा मुलगा, सून आणि दोन नातवंडे असे सहा जण कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातील रायडिंग माउंटन राष्ट्रीय उद्यानात, क्लिअर लेकच्या दक्षिण काठावरील वासागामिंग कॅम्पग्राउंडवर चार रात्री राहून आलो. पहिल्या दोन रात्री साध्या जागेवर स्वतःचे तंबू ठोकून काढल्या आणि नंतरच्या दोन रात्री तिथली राष्ट्रीय उद्याने सांभाळणारी पार्क्स कॅनडा ही संस्था भाड्याने देते त्या ‘ओटेंटिक’मध्ये, म्हणजे लाकडी सांगाड्याच्या तयार तंबूत, त्यामुळे दोन्हींची तुलना ताजी आहे. ज्यांची मुले तिकडे आहेत आणि दर उन्हाळ्यात ज्यांना ‘या की आता’ असा आग्रह होतो, अशी कुटुंबे ठाण्यात आमच्या एका इमारतीतच पाच-सहा निघतील. हे परीक्षण त्यांच्यासाठी आहे.

बेत आखण्याचे काम मी पाचपाखाडीतल्या घरातून केले, कारण निवृत्त माणसाला वेळ असतो आणि मुलाला नसतो. पार्क्स कॅनडाची आरक्षणे हिवाळ्यातच खुली होतात आणि प्रत्येक उद्यानाची तारीख वेगळी असते, म्हणून ती आधी पाहून ठेवावी. आमच्या उद्यानाचे आरक्षण तिकडच्या सकाळी ८ वाजता सुरू झाले, तेव्हा ठाण्यात संध्याकाळचे साडेसात वाजले होते. हिवाळ्यात मॅनिटोबा आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे असते, आणि मार्चमध्ये तिकडची घड्याळे पुढे सरकली की हा फरक साडेदहा तासांचा होतो; हा हिशेब चुकला तर सगळेच चुकले. ठरल्या वेळेआधी पानावर येऊन थांबलेल्यांना संगणक कोणताही क्रम न पाळता रांगेत क्रमांक देतो, तेव्हा खूप आधीपासून ताटकळून काही फायदा नाही. मी मात्र सहापासूनच बसलो होतो, कारण रांग म्हटली की लवकर जाऊन उभे राहण्याची सवय सुटत नाही. जुलैतल्या शनिवार-रविवारचे ओटेंटिक फार लवकर संपतात, म्हणून आम्ही ते सोमवार-मंगळवारचे घेतले.

आता तंबूविषयी. ठाण्यातल्या एका दुकानातून मी तिघांचा तंबू घेतला. दुकानदाराने तो ‘सगळ्या हवामानांसाठी’ असल्याचे सांगितले, आणि जूनमध्ये भंडारदऱ्याला पहिल्या पावसाच्या एका रात्री तो खरोखरच टिकलाही. पण भंडारदऱ्याची माती ओलसर होती, मेख हाताने दाबली तरी आत जात होती. वासागामिंगला तंबूसाठी जी सपाट जागा दिलेली असते, तिथली खडी घट्ट बसलेली असते. तंबूसोबत आलेल्या तारेसारख्या बारीक मेखा पहिल्याच ठोक्याला वाकल्या. चौदांपैकी नऊ मेखा हुकासारख्या वळल्या. शेजारच्या जागेवरच्या गृहस्थांनी आपणहून जाड पोलादी मेखा आणि हातोडा आणून दिला नसता, तर मी आणि मोठा नातू त्या रात्री गाडीत झोपलो असतो. सपाट प्रदेशावरून येणारा पश्चिमेचा वारा संध्याकाळी पडला होता, पण पहाटे तो पुन्हा उठला आणि वरचे आवरण वाळत घातलेल्या सतरंजीसारखे फडफडत राहिले. जुलै असूनही रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. मुंबईच्या थंडीसाठी घेतलेली पातळ स्लीपिंग बॅग तिथे चादरीच्या लायकीची ठरते.

तंबू इथून न्यायचाच असेल, तर भंडारदऱ्याची तांबडी माती धुऊन, तंबू पूर्ण वाळवूनच तो बॅगेत भरावा, कारण कॅनडात बाहेरची माती आणण्यास मनाई आहे. स्टोव्हचे गॅसचे डबे विमानात चालत नाहीत, ते तिथेच घ्यावे लागतात. माझा सल्ला विचाराल तर तंबूही तिथेच घ्यावा.

‘ओटेंटिक’ हे नाव ‘ऑथेंटिक’ या शब्दात ‘टेंट’ बसवून केलेले आहे आणि वस्तूही तशीच मिश्र आहे. खाली जमिनीपासून उचललेला लाकडी तळ, वर लाकडाचा सांगाडा, त्यावर जाड कापड, आत गाद्या घातलेले पलंग आणि टेबल-खुर्च्या. सहा जण झोपू शकतात. माझ्या पत्नीच्या गुडघ्यांना जमिनीवरून उठणे जमत नाही. तंबूतल्या दोन्ही सकाळी सुनेने तिला हात धरून उठवले होते. इथे ती सगळ्यांच्या आधी उठून, शाल गुंडाळून बाहेरच्या बाकावर जाऊन बसली होती. तीन पिढ्यांच्या कुटुंबाने ओटेंटिक का घ्यावा, याचे माझ्यापाशी हे एवढेच कारण आहे आणि ते पुरेसे आहे. भाडे साध्या जागेच्या तिप्पटीहून अधिक पडते, पण सहा जणांत वाटले की टोचत नाही. मात्र अंथरूण-पांघरूण आपलेच न्यावे लागते, आत स्वयंपाक करता येत नाही आणि कापडाच्या भिंतींतून घोरणे जसेच्या तसे बाहेर जाते. हॉटेल समजून गेलात तर हिरमोड होईल.

स्वयंपाकासाठी कॅम्पग्राउंडवर सामायिक छपऱ्या आहेत आणि त्यांत लाकडावर चालणाऱ्या लोखंडी चुली आहेत. त्या चुलीवर सुनेने पिठले केले आणि मी भात लावला. चूल तापायला वेळ लागतो, पण एकदा तापली की भात खाली लागेपर्यंत माणसाला कळत नाही. आमचा लागला. सरपण मात्र शहरातून नेऊ नये, कारण लाकडातून झाडांची कीड पसरते. विनिपेगमध्ये २०१७ साली अ‍ॅश वृक्ष पोखरणारा भुंगा सापडल्यापासून याविषयी फार काटेकोरपणा आहे. उद्यानात काळी अस्वले आहेत, म्हणून जेवण झाले की खाण्याची प्रत्येक वस्तू, मसाल्याचा डबा आणि टूथपेस्टसुद्धा, गाडीत बंद करावी लागते. माझ्या पत्नीने गोड्या मसाल्याची पुडी उशाशी ठेवली होती. नातवाने ती काढून घेतली आणि आजीला अस्वलांच्या नाकावर पाच मिनिटांचे व्याख्यान दिले. डासांसाठी मलम आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच. गवतातून चालून आल्यावर मुलांच्या पायांवर गोचीड आहेत का, ते पाहावे.

जुलैच्या सुरुवातीला तिथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. आठ वाजता जेवून आम्ही तळ्याकाठी जायचो, तरी उजेड सरत नसे. तलावपाळीला फेरी मारून दिवे लागताच घरी परतणाऱ्या माणसाला झोपेची वेळच ठरवता येत नाही. पाणी थंड आणि इतके स्वच्छ की कंबरभर पाण्यात आपलीच बोटे मोजता येतात. बोटीचा बेत असेल तर त्या वर्षीचे नियम आधी वाचावेत: २०२३ मध्ये या तळ्यात झेब्रा मसल हे परके शिंपले आढळले आणि २०२४ मध्ये मोटारबोटींवर बंदी आली.

उद्यानातल्याच लेक ऑडीचे गवे, म्हणजे बायसन, चुकवू नयेत. कुंपणाच्या आतल्या मोठ्या कुरणात कळप आहे आणि गाडीतूनच फेरी मारायची असते. आम्हाला पाऊण तास एकही दिसला नाही. मग एक नर रस्त्याच्या मधोमध येऊन उभा राहिला आणि त्याची मर्जी होईपर्यंत आम्ही थांबलो.

विनिपेगहून गाडीने तीन तास लागतात आणि बराचसा रस्ता कॅनोलाच्या पिवळ्या शेतांतून जातो. पुढच्या खेपेला चारही रात्री ओटेंटिकच घेणार आहोत. ठाण्याचा तंबू मी परत आणला आणि सोसायटीतल्या मुलांना देऊन टाकला. ती तो गच्चीवर लावतात. तिथे मेखा लागत नाहीत, दोऱ्या पाण्याच्या टाकीच्या नळाला बांधल्या की भागते.