पुढचा भाग उंच करताना: टॉर्शन बार, स्पेसर की नवा स्प्रिंग संच?

बेळगाव जिल्ह्यात फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी खाली घासण्याची कारणे सगळीकडे सारखी नाहीत. खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीकडे जांभ्याचे दगड आणि पावसाने कोरलेले चर यांवर चढताना पुढचा बंपर आधी टेकतो. निपाणी-चिकोडीच्या काळ्या मातीत मात्र उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्यांमधला उंचवटा मागच्या डिफरेन्शियलच्या (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या) हाऊसिंगला, म्हणजे कवचाला, लागतो. पुढचे सस्पेन्शन उचलल्याने पहिली अडचण कमी होते, दुसरी तशीच राहते, कारण दोन्ही चाकांना जोडणाऱ्या अखंड अ‍ॅक्सलचे हाऊसिंग चाकांच्याच उंचीला बांधलेले असते. ते वर न्यायचे तर मोठे टायर हवेत आणि तेथेही टायरचा व्यास २ इंचांनी वाढला तर हाऊसिंग १ इंचच वर जाते. तेव्हा गाडी मुख्यतः उसाच्या फडात जाणार असेल, तर पुढचा भाग उंच करण्याचा खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

२०१० ते २०२० या काळातील जुन्या महिंद्रा थारच्या CRDe प्रकाराला पुढे टॉर्शन बार, म्हणजे पीळ बसून स्प्रिंगचे काम करणाऱ्या पोलादी कांड्या, आहेत. त्यांचा समायोजनाचा बोल्ट फिरवला की गाडी उचलली जाते. नवा भाग लागत नाही आणि खर्च जवळजवळ अलाइनमेंटपुरताच (चाकांचे कोन जुळवण्यापुरताच) येतो. बोल्ट आवळल्याने बार अधिक ताठ होतो, हा समज मात्र चुकीचा आहे. बाराचा ताठपणा तोच राहतो. चाक खाली जाण्यासाठी जी जागा होती, तीच उंची वाढवण्यात खर्ची पडते, म्हणून खड्ड्यात चाक लोंबत नाही आणि गाडी आपटू लागते. शिवाय पुढच्या हाफ शाफ्टचा (गिअरपासून चाकापर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्याचा) कोन वाढतो, त्याचे रबरी बूट लवकर फाटतात आणि त्या फटीतून चिखल सांध्यात शिरतो. वर्षानुवर्षांच्या वापराने बसलेली गाडी मूळ उंचीवर आणण्यासाठी हा उपाय उत्तम आहे, त्यापलीकडे नाही.

२०२० नंतरच्या थारला पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर आणि खाली एकेक आर्म) आणि कॉइल स्प्रिंग आहेत. तेथे शॉकअपच्या माथ्यावर स्पेसर, म्हणजे उंची वाढवणारा तुकडा, बसवता येतो. शॉकअप खालच्या आर्मच्या मधोमध टेकलेला असल्याने स्पेसरच्या जाडीपेक्षा गाडी बरीच जास्त उचलली जाते. हे न समजता जाड तुकडा घालणारे मिस्त्री भेटतात, त्यांच्यापासून सावध राहावे. मूळ स्प्रिंग कायम राहत असल्याने सपाट रस्त्यावर आराम फारसा बिघडत नाही. पण चाक पूर्ण खाली गेल्यावर बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारा सांधा) आणि हाफ शाफ्ट यांवर मूळ रचनेत अपेक्षित नसलेला ताण येतो.

नवा स्प्रिंग संच, त्याला जुळणाऱ्या शॉकअपसह, सर्वांत महाग पडतो. तरीही पुढे लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारे यंत्र) बसवली असेल, तर तोच घ्यावा. त्या वजनाखाली स्पेसर घातलेली मूळ स्प्रिंग पुन्हा दबते आणि पैसे दोनदा जातात. बंपर मूळचाच असेल, तर ताठ स्प्रिंगचा त्रासच अधिक. जिप्सीला पाटे आणि जिमनीला अखंड अ‍ॅक्सलवर कॉइल स्प्रिंग असल्याने हाफ शाफ्टच्या कोनाचा प्रश्न तेथे येत नाही. पण कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे-पुढे कल) बदलून स्टिअरिंग सैल लागू शकते.

कोणताही मार्ग निवडला, तरी गुरुत्वमध्य वर जातो, आणि चोर्ला घाटाच्या वळणांवर ते चालकाला लगेच जाणवते. म्हणून रोज घाटातून गोव्याकडे ये-जा असेल, तर १ इंचाच्या आसपास थांबणे मला शहाणपणाचे वाटते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलात बदल करण्यावर बंधन घालते, त्यामुळे खरेदीपूर्वी आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांकडेही विचारणा करावी. काम झाल्यावर चाकांच्या अलाइनमेंटबरोबर हेडलाइटचा झोतही खाली आणून घ्यावा, कारण पुढचा भाग उचलला की तो थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर पडतो.